घशाचा स्वॅब, लघवीची पट्टी आणि फार्मासिस्टचा ‘नाही’

किरकोळ जंतुसंसर्गासाठी फार्मासिस्टनेच तपासणी करायची आणि औषधही द्यायचं, ही व्यवस्था काही देशांत आता चांगली रुळली आहे. तिच्याविषयी आलेल्या प्रश्नांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. वेगळं सांगितलं नसेल तिथे डोस प्रौढांचे आणि इंग्लंडच्या नियमावलीतले आहेत. ते वाचून कुणी स्वतःच गोळ्या सुरू करू नयेत. फार्मासिस्ट कशाच्या आधारावर औषध देतो किंवा नाकारतो, एवढं त्यातून कळावं.

प्रश्न : फार्मासिस्ट डॉक्टर नाही. मग तो निदान कसं करतो आणि अँटिबायोटिक कोणत्या अधिकारात देतो?

मोकळ्या मैदानातलं निदान तो करतच नाही. त्याला आखून दिलेल्या चौकटीत काम करायचं असतं. इंग्लंडमध्ये ३१ जानेवारी २०२४ रोजी ‘फार्मसी फर्स्ट’ सुरू झालं, तेव्हा सात आजार ठरवले गेले आणि प्रत्येकाला वयाची अट लावली गेली : लघवीचा साधा संसर्ग (१६ ते ६४ वर्षांच्या स्त्रिया), घसादुखी (५ वर्षांपुढे), सायनसचा त्रास (१२ वर्षांपुढे), मधल्या कानाचा संसर्ग (१ ते १७ वर्षं), इम्पेटिगो (त्वचेवर खपल्या धरणारा जंतुसंसर्ग) आणि चिघळलेला कीटकदंश (दोन्ही १ वर्षापुढे), नागीण (१८ वर्षांपुढे). प्रत्येक आजारासाठी लेखी सूचनापत्र असतं. कुणाला औषध द्यायचं, कुणाला द्यायचं नाही, कोणतं, किती दिवस आणि काय दिसलं तर ताबडतोब पुढे पाठवायचं, हे सगळं त्यात असतं. रुग्ण त्या चौकटीत बसला नाही, तर फार्मासिस्टचा अधिकार तिथेच संपतो.

ही कल्पना इंग्लंडची नाही. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांताने फार्मासिस्टना औषध लिहून देण्याचा अधिकार २००७मध्येच दिला. न्यूझीलंडमध्ये प्रशिक्षित फार्मासिस्टना लघवीच्या संसर्गासाठी ट्रायमेथोप्रिम हे अँटिबायोटिक देण्याची मुभा २०१२मध्ये मिळाली. वेल्समध्ये २०१८पासून घशाची तपासणी करून उपचार देण्याचा प्रयोग झाला. ऑन्टारियोत २०२३च्या जानेवारीत १३ किरकोळ तक्रारींची यादी लागू झाली. नियम देशोदेशी वेगळे आहेत. जिथे अशी मुभा नाही, तिथे हेच काम करणं बेकायदा आहे, ते कितीही नीट केलं तरी.

प्रश्न : घसा दुखतोय म्हटल्यावर सरळ स्वॅब घेऊन का टाकत नाहीत? आधी इतके प्रश्न कशाला?

बहुतेक घसेदुखी विषाणूंची असते आणि आठवडाभरात आपोआप जाते. शोधायचा असतो तो ‘अ’ गटाचा स्ट्रेप्टोकॉकस. अडचण अशी की काही धडधाकट माणसांच्या, विशेषतः शाळकरी मुलांच्या घशात हा जंतू कसलाही त्रास न देता मुक्काम ठोकून असतो. अशा मुलाला साधी सर्दी झाली आणि कुणी उगाच स्वॅब घेतला, तर तपासणी पॉझिटिव्ह येणार, मूल विनाकारण पेनिसिलिन घेणार आणि सर्दी आपल्या वेळेलाच बरी होणार. श्रेय मात्र गोळ्यांना जाणार.

म्हणून आधी गुण मोजतात. ‘फीव्हरपेन’ नावाच्या पद्धतीत पाच गोष्टींना एकेक गुण असतो : गेल्या २४ तासांत ताप, टॉन्सिलवर पू, त्रास सुरू होऊन तीन दिवस किंवा त्याहून कमी, टॉन्सिल लालबुंद सुजलेले आणि खोकला-सर्दी नसणं. ० किंवा १ गुण असेल तर स्ट्रेप्टोकॉकस असण्याची शक्यता साधारण १३ ते १८ टक्के, २ किंवा ३ असतील तर ३४ ते ४० टक्के, ४ किंवा ५ असतील तर ६२ ते ६५ टक्के. म्हणजे पाचपैकी पाच गुण मिळाले तरी तीनांतल्या एकाला हा जंतू नसतोच. गुण कमी असतील तर स्वॅब घेण्यात अर्थ नाही. निकाल काहीही आला तरी सल्ला बदलणार नसेल, तर ती तपासणी करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. इंग्लंडची योजना तर स्वॅबशिवाय, केवळ गुणांवर चालते. वेल्सने गुण आणि स्वॅब दोन्ही वापरले.

आणखी एक. मूल पुढे झुकून बसलंय, लाळ गळतेय, आवाज दबलाय, श्वास घेताना घरघरतंय, अशा वेळी घशात काहीही घालायचं नाही. जीभ दाबायची पट्टीसुद्धा नाही. स्वरयंत्राच्या वरचं झाकण सुजलं असेल तर तेवढ्या स्पर्शानेही श्वासमार्ग बंद होऊ शकतो. थेट रुग्णवाहिका बोलवायची. मोठ्या माणसाचं तोंड नीट उघडत नाही, एकाच बाजूला असह्य दुखतंय, बोलणं तोंडात गरम घास असल्यासारखं येतंय, तर टॉन्सिलमागे गळू असण्याची दाट शक्यता. तोही रुग्णालयाचा रुग्ण.

प्रश्न : मी फार्मसीची विद्यार्थिनी आहे. घशाच्या झटपट तपासणीत चुका नेमक्या कुठे होतात?

सर्वांत जास्त चुका स्वॅब घेतानाच होतात. रुग्णाला उजेडाकडे तोंड करून बसवा, पट्टीने जिभेचा पुढचा दोन-तृतीयांश भाग दाबा (फार मागे दाबली की उमासा येतो) आणि ‘आ’ म्हणायला सांगा. मग स्वॅब एका टॉन्सिलवर, घशाच्या मागच्या भिंतीवर आणि दुसऱ्या टॉन्सिलवर घासून फिरवा. पू किंवा लाल चट्टा दिसत असेल तर नेमका तिथे. नुसतं टेकवून भागत नाही. येताना-जाताना जीभ, गाल, दात यांना स्पर्श झाला तर स्वॅबवर लाळच जास्त येते आणि जंतू असूनही रेघ उमटत नाही. रुग्ण दोन दिवस उरलेलं अँटिबायोटिक घेऊन आला असेल तरीही हेच होतं, म्हणून ते आधी विचारा.

पुढचं काम रसायनाचं. बहुतेक किटमध्ये दोन बाटल्या असतात : एकीत सोडियम नायट्राइट, दुसरीत आम्ल. नळीत दोन्हींचे सहसा ४-४ थेंब टाकायचे. ते एकत्र आले की नायट्रस आम्ल तयार होतं आणि जंतूच्या भिंतीतली ओळखीची शर्करा त्यात सुटी होते. बऱ्याच किटमध्ये मिश्रणाचा रंग बदलतो. बदलला नाही तर एक बाटली राहून गेली किंवा एकच दोनदा टाकली, असं समजा. हे मिश्रण टिकत नाही, म्हणून आधी करून ठेवू नका. स्वॅब त्यात दहा-एक वेळा फिरवा, एक मिनिट तसाच ठेवा, नळी दाबत स्वॅब पिळून काढा आणि पट्टी बुडवा. निकाल ५ मिनिटांनी वाचायचा. १० मिनिटांनंतर उमटलेली रेघ धरायची नाही. नियंत्रणाची रेघच (पट्टी नीट चालली हे दाखवणारी) आली नाही, तर तो निकाल ‘निगेटिव्ह’ नसतो, तो बाद असतो. नवा स्वॅब, नवी पट्टी.

एका किटचे थेंब दुसऱ्या किटला वापरू नका. किट फ्रिजमधून काढलं असेल तर खोलीच्या तापमानाला येऊ द्या. नवं खोकं उघडलं की सोबतच्या पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह नमुन्यांवर एकदा तपासा आणि वहीत लॉट क्रमांकासह नोंदवा. वेळेच्या बाबतीत ‘साधारण पाच मिनिटं’ चालत नाहीत, घड्याळ लावा.

प्रश्न : रेघ अगदी फिकट आली तर?

ठरलेल्या वेळेच्या आत आली असेल तर पॉझिटिव्ह. गडद-फिकटपणावरून आजार किती जोरात आहे हे ठरत नाही.

प्रश्न : आणि निगेटिव्ह आली तर निश्चिंत व्हायचं का?

वय आणि ठिकाण बघून. ही तपासणी दहातल्या एक-दोन खऱ्या रुग्णांना चुकवते. प्रौढांना संधिवाताचा ताप येण्याचा धोका फार कमी असल्यामुळे त्यांच्यात निगेटिव्ह म्हणजे निगेटिव्ह धरतात. मुलांमध्ये मात्र अनेक मार्गदर्शिका दुसरा स्वॅब कल्चरला, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून बघायला, पाठवायला सांगतात. त्यात दोन दिवस गेले तरी नुकसान होत नाही, कारण त्रास सुरू झाल्यापासून ९ दिवसांच्या आत पेनिसिलिन सुरू केलं तरी संधिवाताच्या तापापासून, म्हणजे पुढे हृदयाच्या झडपा खराब होण्यापासून, संरक्षण मिळतं.

याच कारणामुळे औषधाचे दिवसही सगळीकडे सारखे नसतात. इंग्लंडमध्ये संधिवाताचा ताप दुर्मीळ आहे, म्हणून तिथे फेनॉक्सिमिथाइलपेनिसिलिन ५०० मि.ग्रॅ. दिवसातून चार वेळा, ५ दिवस देतात. जिथे तो आजार अजून आढळतो, तिथे जंतू घशातून समूळ जावा म्हणून १० दिवसांचा कोर्स असतो. एका देशाची नियमावली दुसरीकडे जशीच्या तशी उचलली की असे घोटाळे होतात.

फायद्याचा अंदाजही सांगून ठेवतो. अँटिबायोटिकने घसादुखीचा काळ सरासरी १६ तासांनी कमी होतो. दुखणं कमी करायचं खरं काम पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन करतं.

प्रश्न : लघवीला जळजळ होते. फार्मासिस्टने पट्टी न वापरताच तीन दिवसांचं औषध दिलं. हा निष्काळजीपणा नाही का?

नाही. तरुण, गरोदर नसलेल्या स्त्रीमध्ये तीन लक्षणं फार बोलकी असतात : लघवी करताना जळजळ, रात्री लघवीसाठी नव्याने उठावं लागणं आणि डोळ्यांना दिसेल इतकी गढूळ लघवी. यांपैकी दोन असली की संसर्गाची शक्यता इतकी वाढते की पट्टी निगेटिव्ह आली तरी उपचार टाळता येत नाही. मग पट्टी कशासाठी? एकच लक्षण असेल आणि मन दोलायमान असेल, तिथे ती कामाची.

फार्मासिस्टने वेळ घालवायचा असतो तो नकाराचे प्रश्न विचारण्यात. गरोदर आहात का? ताप, हुडहुडी, कुशीत किंवा पाठीत दुखणं, उलट्या? (संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला असेल.) अंगावरून पांढरं जातंय, खाज सुटते? (मग योनिमार्गाचा संसर्ग असण्याची शक्यता जास्त, आणि लैंगिक संबंधातून येणारे आजारही मनात ठेवायला हवेत.) लघवीत रक्त दिसलं का? सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा असा त्रास झाला का? मूत्रपिंडाचा आजार आहे का? यांपैकी एकालाही ‘हो’ आलं, तर तो साधा संसर्ग उरत नाही. पुरुषांचा आणि लहान मुलांचा लघवीचा संसर्ग या चौकटीत बसतच नाही, त्यांच्या लघवीचं कल्चर व्हायला हवं.

औषध म्हणून इंग्लंडमध्ये नायट्रोफ्युरंटॉइन हे अँटिबायोटिक, १०० मि.ग्रॅ.च्या दीर्घ परिणामाच्या कॅप्सूल दिवसातून दोनदा, ३ दिवस देतात. तीन दिवस कमी वाटतात, पण हे औषध लघवीतच साठतं आणि मूत्राशयाच्या आजाराला तेवढं पुरतं. ते रक्तात आणि मूत्रपिंडाच्या पेशींत पुरेसं पोचत नाही, म्हणूनच ताप-कुशीदुखी असलेल्याला ते देणं चूक. मूत्रपिंडाचं काम मंदावलेलं असेल (ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडाच्या गाळण्याचा अंदाजी वेग, ४५च्या खाली) तर लघवीतही ते पुरेसं उतरत नाही. जी६पीडी एन्झाइमची कमतरता असेल तर रक्तपेशी फुटू शकतात. कॅप्सूल जेवणाबरोबर घ्यावी, मळमळ कमी होते. लघवी गडद पिवळी किंवा तपकिरी होते, त्याने घाबरू नये. ४८ तासांत उतार पडला नाही, तर कल्चर.

प्रश्न : त्याबरोबर जळजळ थांबवणारं सायट्रेटचं पातळ औषधही घेतलं तर लवकर बरं वाटेल ना?

हे दोन्ही एकत्र घेऊ नका. सायट्रेट लघवी अल्कधर्मी करतं आणि नायट्रोफ्युरंटॉइनला आम्लधर्मी लघवी लागते. जळजळ थोडी कमी वाटेल, पण अँटिबायोटिक लंगडं पडेल. मॅग्नेशियम ट्रायसिलिकेट असलेलं अ‍ॅसिडिटीचं औषध त्याचं शोषणही अडवतं. ही जोडी एकाच पिशवीतून सर्रास दिली जाते आणि मग ‘गोळी लागू पडली नाही’ म्हणून आणखी जोरदार अँटिबायोटिक सुरू होतं. वेदनेसाठी साधं पॅरासिटामॉल घ्या आणि पाणी तहानेप्रमाणे प्या.

प्रश्न : लघवीची पट्टी घरी वापरायची असेल तर?

पट्टी साधी दिसते, पण नाजूक असते. रात्रभर किंवा निदान ४ तास मूत्राशयात थांबलेली लघवी घ्या. जंतू नायट्रेटचं नायट्राइट करतात, त्याला तेवढा वेळ लागतो. ज्याला दर अर्ध्या तासाने जावं लागतंय त्याच्या पट्टीवरची नायट्राइट दाखवणारी चौकट निगेटिव्ह येण्याचं हे नेहमीचं कारण. पहिली धार सोडून मधली धार स्वच्छ भांड्यात धरा. पट्टी एक-दोन सेकंद बुडवून कड भांड्याच्या काठाला निपटा आणि आडवी धरा. उभी धरली तर एका चौकटीचं रसायन दुसरीत उतरतं. नायट्राइट साधारण ६० सेकंदांनी आणि पांढऱ्या पेशींची चौकट २ मिनिटांनी वाचा. नक्की वेळ डबीवर असते.

डबीचं झाकण उघडं राहिलं की दमट हवेने पट्ट्या बिघडतात आणि नायट्राइट खोटंच पॉझिटिव्ह दिसू लागतं. झाकणातली ओलावा शोषणारी पुडी फेकायची नसते. ‘क’ जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्या घेतल्या असतील तर उलटं होतं : असलेलंही दिसत नाही. शिवाय एन्टेरोकॉकससारखे काही जंतू नायट्राइट बनवतच नाहीत. नायट्राइट पॉझिटिव्ह असेल तर संसर्ग संभवतो. नुसत्या पांढऱ्या पेशी आल्या तर पारडं मध्येच. सगळंच निगेटिव्ह असेल तर दुसरं कारण शोधा.

प्रश्न : आईचं वय ७४. लघवीला वास येतो म्हणून पट्टी लावली, ती पॉझिटिव्ह. त्रास काही नाही. फार्मासिस्टने औषध नाकारलं.

बरोबर केलं. पासष्टीनंतर पट्टी लावूच नये, असं मार्गदर्शिका सांगतात, कारण या वयात अनेकांच्या लघवीत जंतू कायम असतात आणि काहीच बिघडवत नाहीत. कॅथेटर असेल तर महिन्याभरात जवळजवळ सगळ्यांच्याच. अशा जंतूंवर औषध दिलं तर जुलाब आणि प्रतिकारशक्ती कमावलेले जंतू एवढंच पदरात पडतं. वास बहुधा पाणी कमी पिण्याचा. मात्र नव्याने जळजळ, ताप, कुडकुडणं किंवा अचानक बरळणं सुरू झालं, तर डॉक्टरांना दाखवा. बरळण्याचं कारण प्रत्येक वेळी लघवीतच असतं असं नाही. पाण्याची कमतरता, बद्धकोष्ठ, तुंबलेली लघवी, नवं औषध, हेही बघायला हवं.

प्रश्न : कीटक चावला, दुसऱ्या दिवशी हात तळहाताएवढा लाल आणि सुजलेला. अँटिबायोटिक हवंच ना?

दुसऱ्याच दिवशी आणि खाज जास्त असेल, तर ती बहुतेक वेळा शरीराची प्रतिक्रिया असते, संसर्ग नव्हे. थंड पाण्याची घडी आणि खाजेची गोळी पुरे. संसर्गात खाजेपेक्षा ठणका जास्त असतो, जागा गरम आणि टणक लागते, पू येतो आणि लाली दिवसागणिक पसरते. पेनने लालीच्या कडेवर रेघ मारून वेळ लिहून ठेवावी. काही तासांनी कड रेघेच्या बाहेर गेलेली दिसली, तर विचार बदलायचा. तेव्हा फ्लुक्लॉक्सासिलिन ५०० मि.ग्रॅ. दिवसातून चार वेळा, ५ दिवस आणि रिकाम्या पोटी, म्हणजे जेवणाआधी तासभर किंवा जेवणानंतर दोन तासांनी. लालीची रेषा हातावर वर चढतेय, ताप आहे किंवा डोळ्याजवळ चावलंय, तर पुढे पाठवायचं.

इम्पेटिगोचं तंत्र थोडं वेगळं. मधासारख्या पिवळट खपल्या ही त्याची खूण, बहुधा नाकातोंडाभोवती. तीनपर्यंत चट्टे असतील तर १ टक्का हायड्रोजन पेरॉक्साइडचं क्रीम दिवसातून दोन-तीन वेळा, ५ दिवस. ते चालण्यासारखं नसेल, उदाहरणार्थ चट्टा डोळ्याजवळ असेल, तर फ्युसिडिक आम्लाचं २ टक्क्यांचं क्रीम दिवसातून तीनदा. अँटिबायोटिक मलम पहिल्या फटक्यात न देण्यामागे कारण आहे : या मलमांना जंतू लवकर सरावतात. चार किंवा जास्त चट्टे असतील तर पोटातून औषध. खपल्या सुकेपर्यंत किंवा उपचार सुरू होऊन ४८ तास होईपर्यंत मुलाला शाळेत पाठवू नये, टॉवेल वेगळा ठेवावा.

आणि एक कळकळीची विनंती. स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक एकाच ट्यूबमध्ये असलेलं ‘सर्व रोगांवर’ मलम लावू नका. गजकर्णावर ते लावलं की दोन दिवस खाज थांबते आणि मग बुरशी दुप्पट पसरते. तिचा गोल चट्टाही ओळखू येईनासा होतो, त्यामुळे पुढच्या डॉक्टरांनाही निदान अवघड जातं.

प्रश्न : दोन वर्षांच्या मुलाचा कान रात्रभर ठणकतो. फार्मासिस्ट कानात बघून ‘थांबू या’ म्हणतो, यावर विश्वास ठेवावा?

कानात खरोखर पाहिलं असेल तर ठेवावा. ऑटोस्कोप (कानात बघायचं उपकरण) लावताना लहान मुलाच्या कानाची पाळी मागे आणि खाली ओढतात, मोठ्यांची मागे आणि वर. नुसता लाल पडदा पुरावा होत नाही, कारण रडणाऱ्या मुलाचा पडदा लाल होतोच. पडदा बाहेर फुगलेला, गढूळ किंवा पिवळट असेल, किंवा कान वाहत असेल, तर मधल्या कानात पू आहे असं मानतात. तरीसुद्धा ६० टक्के मुलांचं दुखणं अँटिबायोटिकशिवाय २४ तासांत कमी होतं आणि बहुतेकांचं तीन दिवसांत. म्हणून वजनानुसार पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन आणि ठरवून फेरतपासणी. दोन वर्षांखालच्या मुलाचे दोन्ही कान बिघडले असतील किंवा कान वाहत असेल, तर अँटिबायोटिकचा विचार लवकर करतात. कानामागे सूज येऊन पाळी पुढे ढकलली गेली, तर हाडात संसर्ग उतरल्याची शंका घ्यायची आणि थांबायचं नाही. कान फुटलेला असताना गरम तेल किंवा कुठलेही थेंब आपल्या मनाने घालू नका.

प्रश्न : नागिणीत फार्मासिस्टने इतकी घाई का केली?

कारण विषाणूवरचं औषध पुरळ उठल्यापासून ७२ तासांत सुरू झालं तरच चांगलं लागू पडतं. अ‍ॅसिक्लोव्हिर ८०० मि.ग्रॅ. दिवसातून पाच वेळा, ७ दिवस, भरपूर पाण्याबरोबर. नाकाच्या शेंड्यावर फोड आले असतील तर डोळा धोक्यात असतो, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ.

प्रश्न : पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे असं लहानपणापासून ऐकलंय. फार्मासिस्टने खोदून खोदून विचारलं. शंका घेतली का?

शंका घ्यायलाच हवी. अमेरिकेत साधारण १० टक्के लोकांच्या कागदावर ही अ‍ॅलर्जी असते, प्रत्यक्षात ती १ टक्क्याहून कमी लोकांना असते. उरलेल्यांना कधी तरी जुलाब झालेले असतात, विषाणूचं पुरळ आलेलं असतं, किंवा ग्रंथिज्वरात (गाठी सुजवणाऱ्या विषाणूच्या तापात) अमॉक्सिसिलिन घेऊन अंगभर लाली आलेली असते. म्हणून विचारायचं : नेमकं काय झालं, गोळीनंतर किती वेळाने, गांधी उठल्या का, ओठ सुजले का, श्वास लागला का, त्यानंतर कधी तसलं औषध घेतलं का. तासाभरात गांधी, सूज किंवा दम लागला असेल तर पेनिसिलिन आणि त्याचे भाऊबंद वर्ज्य, तिथे क्लॅरिथ्रोमायसिनसारखा पर्याय. पण मग रुग्ण कोलेस्टेरॉलसाठी सिम्व्हास्टॅटिन घेतो का हेही विचारावं लागतं, कारण ते दोन एकत्र चालत नाहीत. मात्र कागदावरची अ‍ॅलर्जी फार्मासिस्टने आपल्या अधिकारात खोडू नये. ते काम तज्ज्ञाचं.

प्रश्न : खोकल्यासाठी बोटातून रक्त घेऊन ‘सीआरपी’ पाहिलं. त्यावरून अँटिबायोटिक ठरतं?

ठरवायला मदत होते. सीआरपी हे शरीरात दाह किंवा संसर्ग असताना रक्तात वाढणारं प्रथिन. ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २०१४च्या मार्गदर्शिकेत छातीच्या संसर्गासाठी असे आकडे दिले होते : लिटरमागे २० मि.ग्रॅ.च्या खाली असेल तर अँटिबायोटिक सहसा नको, २० ते १०० असेल तर चिठ्ठी द्यावी पण बरं वाटलं नाही तरच औषध सुरू करावं, १००च्या वर असेल तर द्यावं. पण सीआरपी चढायला कित्येक तास लागतात. सकाळी ताप आला आणि दुपारी तपासलं, तर आकडा फसवा कमी येईल. बोट टोचताना हात कोमट पाण्याने धुवा, स्पिरिट पूर्ण सुकू द्या, मधल्या किंवा अनामिकेच्या टोकाला कडेला टोचा, पहिला थेंब पुसा. बोट पिळून काढलेल्या थेंबात पेशींबाहेरचं पाणी मिसळतं आणि आकडा खाली जातो. श्वास जलद असेल, छाती आत ओढली जात असेल किंवा ऑक्सिजन कमी असेल, तर सीआरपी बघत बसू नये.

प्रश्न : औषध विकणाऱ्यानेच तपासायचं आणि लिहायचं, यात स्वार्थ नाही का?

आहे, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. त्यावर उपाय पैशाच्या रचनेत शोधावा लागतो. इंग्लंडमध्ये योजना सुरू झाली तेव्हा, रुग्ण निकषांत बसल्यावर पूर्ण झालेल्या सल्ल्यामागे १५ पौंड ठरवले गेले, औषध दिलं तरी तेवढेच आणि नाही दिलं तरी तेवढेच. विक्रीवरच नफा असेल तिथे फार्मासिस्टचा ‘नाही’ महाग पडतो. रुग्ण म्हणून तुम्ही एवढं नक्की बघा : आडोशाची खोली आहे का, नोंद लिहिली जाते का, औषध नाकारलं तर कारण आणि पुन्हा कधी यायचं हे लिहून मिळतं का, आणि तुमच्या डॉक्टरांना ते कळवतात का. काउंटरवर उभ्याउभ्या तपासणी आणि दोन मिनिटांत गोळ्या हाती, असं झालं तर परत फिरा.

प्रश्न : मुलांच्या अँटिबायोटिकची पावडरची बाटली दिली. पाणी मिसळताना दर वेळी कमी-जास्त होतं.

शक्यतो फार्मासिस्टकडूनच मिसळून घ्या. घरी करायचं असेल तर बाटली आधी तळव्यावर आपटून पावडर सुटी करा. उकळून गार केलेलं पाणी खुणेच्या साधारण निम्म्यापर्यंत घालून जोरात हलवा. फेस बसू द्या, मग खुणेपर्यंत भरा आणि पुन्हा हलवा. फेसाच्या पातळीवर भरलं की पाणी कमी पडतं आणि प्रत्येक चमच्यात औषध जास्त जातं. गठ्ठे राहिले तर सुरुवातीचे डोस पातळ आणि शेवटचे जहाल होतात. घरातला चमचा वापरू नका, सोबतची पिचकारी वापरा. डोस मिलिलिटरमध्ये लिहून घ्या आणि लेबलवर ५ मि.लि.मध्ये १२५ मि.ग्रॅ. आहे की २५० ते पडताळा, कारण दोन्ही बाटल्या दिसायला जवळपास सारख्या असतात. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाची बाटली फ्रिजमध्येच ठेवायची आणि मिसळल्यापासून ७ दिवसांनी उरलेलं टाकून द्यायचं. मिसळल्याची तारीख बाटलीवर लिहा.